जिथे शेजारी नाही, तिथला हक्क

वाचकहो, एक प्रश्न स्वतःच्या मनाला विचारून पाहा. ज्या भूमीचा कोणी धनी नाही, जिथे मूळचा एकही रहिवासी नाही, तिथे कचरा टाकल्याने कोणाचा हक्क बुडतो? शेजाऱ्याच्या दारात घाण टाकली तर 'हुकूकुल इबाद'चा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा भंग होतो, हे मदरशातले लहान मूलही सांगेल. पण शेजारीच नसेल तर?

अंटार्क्टिका हा असा खंड आहे. १९५९ च्या कराराने तिथल्या मालकीचे दावे आहेत त्या स्थितीत थांबवले. संशोधनासाठी अनेक देशांनी तळ उभारले आणि कित्येक वर्षे कचरा उघड्यावर जाळला, समुद्रात लोटला किंवा तिथेच टाकून दिला. त्या थंडीत काहीही लवकर कुजत नाही. टाकलेले तसेच उरते. अखेर ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरणरक्षणाच्या प्रोटोकॉलवर सह्या झाल्या आणि १४ जानेवारी १९९८ पासून तो अमलात आला. त्याचे तिसरे परिशिष्ट कचऱ्याविषयी आहे. किरणोत्सर्गी पदार्थ, बॅटऱ्या, इंधन, जड धातू, रबर, वंगणतेल हे ज्याने निर्माण केले त्यानेच खंडाबाहेर न्यायचे. कीटकनाशके आणि वेष्टनातले थर्माकोलचे मणी तिथे आणायचेच नाहीत. उघड्यावर जाळणे बंद. जुन्या उकिरड्यांची सफाईही ते करणाऱ्यांकडेच.

आपल्या फिकहमध्ये ओसाड जमिनीचे प्रकरण आहे. जो अशी जमीन कसून जिवंत करतो, त्याला तिच्यावर हक्क प्राप्त होतो. धनी नसलेली भूमी नासवण्याची मुभा मात्र तिथे कोणालाही नाही. कारण आपल्या श्रद्धेनुसार बेवारस भूमी अस्तित्वातच नसते. धरतीचा स्वामी अल्लाह आहे आणि माणूस केवळ अमानतदार. सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत पशुपक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. मग पेंग्विन आणि सील यांचा शेजार आपण शेजार का मानू नये?

येथे एक अवघड वळण आहे. जुना कचरा उकरण्याने अधिक हानी होणार असेल, तर तो तिथेच राहू द्यावा, असा अपवाद परिशिष्टात आहे. दोन हानींपैकी हलकी पत्करावी, हा फुकहांचा नियमही हेच सांगतो. अपवाद न्याय्य आहे. परंतु हानीचे माप ज्याच्या हाती, खर्चही त्याचाच वाचतो. अशा वेळी तराजू कोण सांभाळणार? परस्परांच्या तळांची तपासणी करण्याचा अधिकार करारात आहे, तरी प्रत्येक दिवशी, प्रत्येक बर्फाच्या खड्ड्याशी निरीक्षक उभा राहू शकत नाही. कायदा जिथे थकतो, तिथे तकवा लागतो. आपण अल्लाहला पाहत नसलो तरी तो आपल्याला पाहत आहे, या जाणिवेलाच एहसान म्हणतात.

हा विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. मैत्री आणि भारती हे आपले तळ आज तिथे आहेत, त्यांचे काम गोव्यातील राष्ट्रीय केंद्र पाहते आणि २०२२ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

आणि आपले काय? वलीम्यानंतर थर्माकोलच्या पत्रावळी ज्या नाल्यात जातात, तो नालाही आपल्याला बेवारसच वाटतो. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. मग ती वस्तू तिथे आपणच टाकली असेल, तर ती उचलणे हे दान नव्हे, ते कर्ज आहे. कर्ज मात्र धनको समोर नसला तरी फिटत नाही.

अल्लाह आपल्याला न पाहिलेल्या शेजाऱ्याचाही हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.