तराजूची दांडी : जुनी गाडी, नवा वाद आणि वाणीचं तप



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप येतं, सोळाव्यात मनाचं, आणि या दोघांच्या मधे भगवंत वाणीचं तप सांगतात. त्याच्या कसोट्या अशा: बोलणं ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उडवणारं नसावं, ते सत्य असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. जोडीला स्वाध्याय.

वाचायला सोपं आहे. पण हे तप कुठे करायचं? माझा अनुभव असा की देवघरात वाणीचं तप फारसं अवघड जात नाही, कारण तिथे समोरचा उलट बोलत नाही. खरी परीक्षा असते व्हॉट्सॲपवर, रात्री साडेअकराला, पैशाचा विषय निघाला की.

आमच्या शनिवारच्या वाचन गटातल्या एका मित्राचा प्रश्न आज घेतो. त्याची परवानगी आहे, नाव नको म्हणालाय. त्याने आपली दहा वर्षं जुनी हॅचबॅक ऑनलाइन जाहिरात देऊन विकली. डीलर नाही, एजंट नाही. घेणारा चाकणला शिफ्टमध्ये काम करणारा पंचविशीतला मुलगा. येताना ओळखीचा मेकॅनिक घेऊन आला, गाडी चालवून बघितली, घासाघीस झाली, पैसे यूपीआयने आणि बँकेतून आले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. सगळं गोडीत.

एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला. क्लच घसरतोय, एसी गार हवा देत नाही. "सर, तुम्ही मला फसवलंत." मागणी ४२ हजारांची: क्लचचे १४, एसीचे १२ आणि मनस्तापाचे १६. पैसे मिळेपर्यंत गाडी नावावर करून घेणार नाही, अशी धमकीही.

मित्राने लांबलचक उत्तर टाइप केलं होतं. "जुनी गाडी घेताना डोळे उघडे ठेवायचे असतात" वगैरे. पाठवण्याआधी मला फोन केला, "यात धर्म काय सांगतो? द्यायचे का पैसे?"

मला महाभारतातला तुलाधार आठवला. शांतिपर्वात त्याची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली. तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला धर्म साधला. तोच अदृश्य वाणी झाली, की वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला नाही. जाजली शोधत गेला, तर हा तुलाधार बाजारात बसून माल विकणारा वाणी! त्याची साधना काय? खरेदी-विक्रीत कपट करायचं नाही, आणि तराजू सगळ्यांसाठी सारखा धरायचा. बस.

व्यासांनी धर्म शिकवायला दुकानदार निवडला, हे मला फार मोठं वाटतं. व्यवहार म्हणजे अध्यात्मातली सुट्टी नव्हे, हे यातून कळतं. आणि विकल्यावर किंवा विकत घेतल्यावर होणारा पस्तावा ही काही आपल्या ॲप-युगाची देणगी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अनुशय' म्हणून त्याचा स्वतंत्र विचार आहे. सौदा फिरवायला व्यापाऱ्यांना एक रात्र आणि शेतकऱ्यांना तीन रात्रींची मुदत तिथे सांगितली आहे. माणूस तेव्हाही असाच होता.

तर मित्राला म्हटलं, आधी मोबाइल बाजूला ठेव आणि तराजू काढ. गाडीतला प्रत्येक दोष तीनपैकी एका खणात टाक.

पहिला खण: मला माहीत होतं आणि मी सांगितलं.
दुसरा खण: मला माहीतच नव्हतं, किंवा वापराने झिजणारी वस्तू होती आणि घेणाऱ्याला ती तपासायला मोकळीक होती.
तिसरा खण: मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

आयटीवाल्यांसाठी सोपं करून सांगतो. आपण सॉफ्टवेअर देतो तेव्हा रिलीज नोट्समध्ये 'नोन इश्यूज' लिहितो. लिहिलेला बग ग्राहकाने मान्य करून घेतलेला असतो. कुणालाच न दिसलेला बग पुढे निघाला तर वाईट वाटतं, पण ती लबाडी नसते. माहीत असून नोट्समधून गाळलेला बग मात्र वेगळ्याच जातीचा.

क्लच दुसऱ्या खणात गेला. क्लचप्लेट झिजणारी वस्तू आहे, ती किती टिकेल हे चालवणाऱ्याच्या पायावरही असतं. विक्रीच्या दिवशी घसरत नव्हता, मेकॅनिकने चढावर गाडी चालवून बघितली होती.

एसीशी आल्यावर मित्र जरा थांबला. मग म्हणाला, "एसी चालू आहे असं मी सांगितलं होतं. आणि चालूच होता रे. विकायच्या आधी गॅस भरून घेतला होता."

"आधीच्या उन्हाळ्यात?"

"तेव्हाही भरला होता."

मंडळी, गाडीचा एसी ही बंद यंत्रणा आहे. त्यातला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न काढता गॅस भरला तर काही आठवडे, फार तर काही महिने गार वाटतं, मग पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने त्याला कूलिंग कॉइल गळतेय असं सांगितलंही होतं. पण त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो, खर्च मोठा, म्हणून राहिलं.

"एसी चालू आहे" हे वाक्य कोर्टात कदाचित टिकलंही असतं. पण भगवंतांच्या कसोटीला? सत्य, प्रिय आणि हित या गोष्टी श्लोकात एकत्र येतात, सोयीची एक उचलायची नाही. वाक्य अक्षरशः खरं होतं, ऐकायला प्रियही होतं, पण घेणाऱ्याच्या हिताचं नव्हतं. त्याने ते ऐकून जे चित्र मनात धरलं, ते खोटं होतं. द्रोणपर्वात युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला असं सांगितलं आणि हत्ती हा शब्द पुटपुटला, तेव्हाही अक्षरं खरीच होती. तरी जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. सत्य मोजायचं ते समोरच्याच्या कानात काय पोचलं त्यावर.

कायदाही इथे फार लांब नाही. जुनी गाडी खासगीत 'आहे तशी' घेतली तर नंतर निघालेल्या प्रत्येक बिघाडाची हमी विकणाऱ्यावर येत नाही. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कपटाच्या व्याख्येतच बसतं.

आता दुसरं पारडं. बरेच भाविक इथे घसरतात. "देव बघतोय, देऊन टाक सगळे पैसे, वाद नको." हाही तराजू वाकडाच! क्लचचे आणि मनस्तापाचे मिळून ३० हजार देणं म्हणजे औदार्य वाटतं, पण त्यात भीती असते, आणि समोरच्याला चुकीचा धडा मिळतो की आवाज चढवला की पैसे सुटतात. ते त्याच्याही हिताचं नाही. अन्याय्य मागणीला शांतपणे 'नाही' म्हणणं हेही वाणीचं तपच आहे. तुलाधाराची दांडी गिऱ्हाइकाकडे झुकत नव्हती आणि स्वतःकडेही नाही.

मग मित्राने लिहिलेलं उत्तर खोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, नामस्मरण करून, फोन लावला. ओळखीपाळखीचं न बोलता सरळ म्हणाला, "दादा, एसीचं तुमचं बरोबर आहे. कॉइल गळते हे मला माहीत होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. ते काम करून घ्या, बिल मी भरतो. क्लच तुमच्या मेकॅनिकने बघितला होता, त्याचे पैसे मी देणार नाही. मनस्तापाचेही नाही. आणि गाडी मात्र या आठवड्यात नावावर करून घ्या."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो मुलगा म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्ही फोन उचलणार नाही." त्याने कर्ज काढून गाडी घेतली होती, वडिलांना डायलिसिसला न्यायला. क्लचवर थोडी कुरकुर केली, मग सोडून दिलं. एसीचं बिल मित्राने थेट गॅरेजला भरलं, आणि काय ठरलं ते दोघांनी चार ओळींत मेसेजवर लिहून ठेवलं.

लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे बरं का. आठवण दोघांचीही फसवी असते. आणि नाव बदलण्याचा आग्रह हाही कोरडा व्यवहार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मित्राने ते केलं होतं. तरीही आरसीवर जुनं नाव असेपर्यंत अपघात झाला तर जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. हे प्रेमाने आणि ठामपणे सांगणं दोघांच्याही हिताचं.

मित्राला नंतर विचारलं, साधारण १२ हजार गेले, कसं वाटतंय? म्हणाला, "पैसे गेल्याचं वाटतं. पण त्या मुलाचा नंबर स्क्रीनवर आला की पोटात गोळा येत नाही." मला वाटतं चित्तशुद्धी म्हणतात ती अशीच लहान लहान हप्त्यांत येते.

आजचा अभ्यास

ज्यांना काही विकायचं आहे, मग गाडी असो, मोबाइल असो किंवा फ्लॅट, त्यांनी जाहिरात टाकण्याआधी तिसरा खण रिकामा करावा. जे सांगायला जीभ अडखळते, तेच पहिल्या ओळीत लिहा. किंमत थोडी कमी येईल, झोप पूर्ण येईल.

ज्यांनी घेतलं आहे आणि फसल्यासारखं वाटतंय, त्यांनी 'फसवलंत' हा शब्द लिहिण्याआधी एकदा विचारावं, "तुम्हाला हे माहीत होतं का?" आरोपाने माणूस दार लावून घेतो, प्रश्नाने निदान फटीतून तरी बघतो. आणि मागायचं तेवढंच मागावं, जेवढं खरोखर गेलं.

आणि सगळ्यांनीच: रागात लिहिलेला मेसेज एक रात्र ड्राफ्टमध्ये राहू द्या. सकाळी श्लोकातल्या कसोट्या लावा. उद्वेग देतोय का? पूर्ण सत्य आहे का? गोड आहे का? हिताचा आहे का? जो शब्द पास होत नाही, तो खोडा.

माउली ही दांडी सरळ धरायचं बळ आपल्याला देवो. उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.

राम कृष्ण हरी 🙏