जुलमी राजाची भुकेली प्रजा

ज्या घरचा धनी निर्दय आहे त्या घरच्या उपाशी लेकरांस आपण भाकर पाठविली, आणि ती धन्यानेच हिसकावून खाल्ली, तर आपल्या हातून दया घडली की दुष्टपणास साह्य घडले? हा प्रश्न खेड्यातील शेजारधर्माचा आहे खरा. परंतु राष्ट्राराष्ट्रांमध्येही तोच उपस्थित होतो. उत्तर कोरिया या देशाच्या संबंधाने तो १९९५ सालापासून जगापुढे उभा आहे.

वाचकहो, हा देश आपणांस अगदी परका नाही. त्याची राजधानी प्योंगयांग हिला एके काळी पूर्वेकडील यरुशलेम असे म्हणत असत. आपल्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली मोठी जागृती झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०७ साली, प्योंगयांगच्या मंडळीत लोक रडत रडत आपली पापे उघडपणे पदरी घेऊ लागले. पुढे १९४८ साली ज्याने तेथे राज्य स्थापिले त्या किम इल सुंगची आई स्वतः प्रेस्बिटेरियन मंडळीतील होती, आणि तिच्या नावाचा अर्थ पेत्राच्या नावाप्रमाणेच खडक असा होता. तिच्याच पुत्राच्या राज्यात मंडळ्या मोडल्या गेल्या व त्याच्या स्वतःच्या मूर्ती उभ्या राहिल्या.

तो १९९४ साली मेला व त्याचा पुत्र किम जोंग इल सत्तेवर आला. सोव्हिएट राज्य १९९१ साली लयास गेल्यामुळे तेथून येणारे स्वस्त तेल आटले होते. खतांचे कारखाने व शेतांवरील पंप थांबले होते. त्यात १९९५ साली महापूर आला. सरकारी शिध्यावाचून ज्यांस दुसरा आधार नव्हता, त्यांचा शिधाच बंद पडला. त्या दुष्काळात मेलेल्यांची संख्या कोणी सहा लाख धरितात, तर कोणी तीस लाखांपर्यंत नेतात. ईशान्येकडील हामग्योंग प्रांतांची दशा सर्वांत वाईट झाली.

जगाने धान्य पाठविले. परंतु तेथे प्रजेची वर्गवारी राजनिष्ठेवरून केलेली असे, आणि धान्य कोणाच्या मुखी पडले हे मोकळेपणाने पाहण्याची परक्यास मुभा नव्हती. म्हणून १९९८ साली ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ ही वैद्यांची संस्था, खऱ्या गरजवंतांपर्यंत मदत पोहोचत नाही असे सांगून, तेथून निघाली. दुसऱ्या कित्येक संस्था तेथेच राहिल्या. निघालेल्यांस मी निष्ठुर म्हणणार नाही. खोटी साक्ष देण्यापेक्षा निघून जाणे बरे, असे मनुष्यास वाटू शकते.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातील चुंग जू-युंग नावाच्या धनिकाने सीमेपलीकडे गुरे नेली. जूनमध्ये ५०० व ऑक्टोबरात ५०१. हा गृहस्थ मूळचा उत्तरेकडील शेतकऱ्याचा मुलगा. बापाची गाय विकून आलेले पैसे घेऊन तो लहानपणी घरून पळाला होता, आणि ते ऋण फेडावयास म्हातारपणी परत आला. गाय घरची लक्ष्मी मानणाऱ्या आपल्या खेड्यांस याचे मर्म सांगावयास नको. पण पुढे २००३ साली असेही उघडकीस आले की, दोन्ही कोरियांच्या पुढाऱ्यांच्या २००० सालच्या भेटीपूर्वी त्याच्याच उद्योगाच्या द्वारे सुमारे ४५ कोटी डॉलर उत्तरेच्या राज्यकर्त्यांस गुप्तपणे देण्यात आले होते. गुरे उघड्या रस्त्याने गेली, पैसा अंधारातून गेला. या दोन देण्यांस मी एकच नाव देऊ शकत नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अलीशा अरामी सैनिकांस शोमरोनात आणितो. इस्राएलाचा राजा त्यांस मारावयास निघतो, पण संदेष्टा त्यांस जेवू घालून परत पाठवितो, आणि त्या टोळ्या पुन्हा येत नाहीत. आपण उपदेशक बहुधा येथेच थांबतो. परंतु पुढचीच हकीकत अशी आहे की, बेन-हदादाने सर्व सैन्य जमवून शोमरोनास वेढा घातला व नगरात भयंकर दुष्काळ पडला. जेवू घातल्याने राजाचे मन पालटलेच नाही. तरी अलीशाने चूक केली असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

उत्तर कोरियाने ऑक्टोबर २००६ मध्ये अणुस्फोट केला; तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाने शस्त्रव्यवहारास निर्बंध घातला हे मला योग्यच वाटते. चोराच्या हाती कोयता देऊ नये. पण २०१७ साली कोळसा, मासळी व कापड यांच्या विक्रीवरही बंदी आली. शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या; त्यांनी कोणता बाँब केला होता? धान्यास मनाई नव्हती, तथापि धातूची यंत्रे न्यावयाची तर धर्मादाय संस्थांस निराळी परवानगी मागावी लागे, व तिला महिने लागत. राजास शिक्षा करू जाता ती झोपडीवर पडावी, याचा हिशेब शिक्षा करणाऱ्यासही द्यावा लागेल.

मात्र यावरून राजा निर्दोष ठरत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी मंडळाने २०१४ साली लोकांच्या उपासमारीचा दोष त्या राज्यावरच ठेविला. आणि जानेवारी २०२० मध्ये साथीच्या भयाने सीमा बंद करणारा हात राज्यकर्त्याचाच होता. त्यानंतर संघाचे परदेशी सेवक एकेक करून निघू लागले, आणि मार्च २०२१ मध्ये त्यांतील उरलेलेही देश सोडून गेले.