अंगणातला पहिला वाढदिवस

बाळाचा पहिला वाढदिवस हा निव्वळ हौसेचा सोहळा नव्हे, कारण अर्भक मृत्यूदर, अर्थात दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण, भारतात १९७१ साली १२९ होता आणि २०२० मध्ये तो २८ वर आला, तरी त्या २८ घरांचे दुःख आजही तितकेच खोल आहे. म्हणूनच अंगणात रांगोळी काढून, पाटावर बसलेल्या आईच्या मांडीवरील बाळाचे औक्षण, म्हणजे दीर्घायुष्य चिंतून ओवाळणे, होते तेव्हा सुपारी आणि सोन्याची अंगठी फिरवताना आजीचा हात क्षणभर रेंगाळतो, बाळ मात्र निरांजनाच्या ज्योतीकडे झेपावते आणि ओल्या कुंकवाला चिकटलेल्या अक्षता चिमटीत धरू पाहते. केक आणि फुगे त्यानंतर, शेजारची मुले जमल्यावर, खुशाल यावेत.