जग बुडाल्यावरचा धर्म

२१ मार्च २०२४ ची सकाळ. हळद काढून शिजवण्याचे दिवस. सहा वाजून काही मिनिटे झाली असतील तेवढ्यात हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरी, औंढा या पट्ट्यातली जमीन हादरली. धक्का ४.५ रिश्टरचा होता आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा बसला. त्याच वर्षी १० जुलैला, सकाळी सव्वासातच्या सुमारास, पुन्हा ४.५ चा धक्का बसला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीच्या पोटातून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षांपासून ठाऊक आहेत. लोक घराबाहेर पळतात, पोराबाळांना मोकळ्या जागेत बसवतात आणि थोड्या वेळाने कोणी ना कोणी म्हणतेच, की पाप फार वाढले, देव कोपला. हे वाक्य अडाणीपणाचे ठरवून सोडून देता येत नाही. त्यात एक पक्का धार्मिक सिद्धान्त दडलेला आहे: विनाश हा निवाडा असतो, वरून कोणीतरी हिशेब पाहत असतो आणि हिशेब चुकला की जमीन फाटते. जग संपल्यावरचे चित्र रंगवणाऱ्या भयकादंबऱ्यांनी गेली दोनशे वर्षे हाच सिद्धान्त तपासून पाहिला आहे. त्यांतल्या माझ्या आवडीच्या तीन-चार कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर विनाशाला निवाडा मानणारी कादंबरी दुबळी पडते आणि तसे मानायला नकार देणारी थोर ठरते, असे माझे मत आहे. मराठवाड्यात घरोघर वाचला जाणारा एक धर्मग्रंथही याच दुसऱ्या बाजूला उभा आहे.

या वादाचा सर्वांत स्वच्छ नमुना आपल्या देशातच घडला. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. त्यामागचा हेतू उदात्त होता; त्या वेळी ते अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. तरीही रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीरपणे अडवले. निसर्गातल्या घडामोडींना नीतीची कारणे चिकटवली, तर विरोधकही तेच हत्यार आपल्यावर उगारू शकतील, असा त्यांचा मुद्दा होता. मला टागोरांचे म्हणणे निर्विवाद वाटते आणि त्याचा पुरावा बिहारपेक्षा किल्लारीत जवळून दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आसपास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादकडची गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ती कशाने गेली? मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या वजनाने. कोणाची भिंत कशी रचली होती याला त्या घरातल्या माणसाच्या पुण्याईशी काही घेणेदेणे नव्हते. पाळण्यातले मूल आणि गावातला सावकार एकाच ढिगाऱ्याखाली सापडले. याला न्याय म्हणायचे असेल, तर न्याय या कल्पनेलाच काही अर्थ उरत नाही.

आता कादंबऱ्यांकडे येऊ. मेरी शेलीने १८२६ मध्ये ‘द लास्ट मॅन’ लिहिली. त्यात साथीच्या रोगाने एकविसाव्या शतकाअखेर मानवजात संपते. कादंबरी पसरट आहे, तिचा पहिला तृतीयांश तर कंटाळवाणाच. पण साथीच्या धास्तीवर स्वतःचा पंथ उभारणारा एक भोंदू प्रेषित तिने त्यात आणला, ही तिची नजर विलक्षण. विनाश हा निवाडा आहे असे एकदा ठरले, की निवाड्यातून सुटका विकणारा दुकानदार मागोमाग येतोच. दीडशे वर्षांनी, १९७८ मध्ये, स्टीफन किंगने ‘द स्टँड’ लिहिली. प्रयोगशाळेतून निसटलेला फ्लू शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक माणसे मारतो. उरलेल्यांपैकी काहींच्या स्वप्नात अ‍ॅबगेल ही एकशे आठ वर्षांची देवभक्त म्हातारी येते, तर काहींच्या स्वप्नात फ्लॅग हा काळोखाचा दूत. बोल्डर आणि लास व्हेगास अशा दोन वस्त्या होतात. या कादंबरीचा उत्तम भाग बोल्डरमधला आहे. तिथे माणसे बैठका घेतात, सडलेली प्रेते पुरण्यासाठी तुकडी नेमतात, वीज पुन्हा सुरू करण्यासाठी धडपडतात. धर्म म्हणजे काय हे त्या प्रेते उचलणाऱ्या तुकडीत जितके दिसते, तितके कादंबरीतल्या सगळ्या प्रार्थनांत मिळून दिसत नाही. आणि शेवटी किंग हे सारे बाजूला सारून आकाशातून देवाचा हात उतरवतो. अणुबाँब फुटतो, दुष्ट भस्म होतात. ज्या कादंबरीने लाखो निरपराध माणसांना नाक गळत, गळे सुजत मरताना दाखवले, तिनेच शेवटी देव वेळेवर आल्याचे सांगावे, हे मला पटत नाही. शेवटी येऊ शकणारा देव सुरुवातीला कुठे होता, हा प्रश्न ती कादंबरी विचारतच नाही.

रिचर्ड मॅथेसनची ‘आय अ‍ॅम लेजेंड’ (१९५४) आकाराने छोटी असली, तरी तिचा आवाका मोठा आहे. लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट नेव्हिल एकटा उरला आहे. बाकीचे सारे रोगाने रक्तपिपासू झालेले. तो दिवसा त्यांना मारत फिरतो आणि रात्री दारे बंद करून बसतो. एका तपशिलासाठी ही कादंबरी धर्मचिंतकांनी वाचायला हवी. क्रूस पाहून हे रक्तपिपासू का दचकतात, याचा नेव्हिल शोध घेतो, तेव्हा त्याच्या ध्यानात येते की जिवंतपणी जे ख्रिस्ती होते तेच क्रूसाला भितात. त्याचा ज्यू शेजारी तोरा या आपल्या धर्मग्रंथाला भितो. म्हणजे सामर्थ्य चिन्हात नव्हते, ते मनावरच्या संस्कारात होते. शेवटी आणखी भयंकर उलटापालट होते. रोग्यांतले काही जण औषधाने सावरून नवा समाज उभारतात आणि त्यांच्या लेखी झोपेत येऊन मारणारा राक्षस ठरतो तो नेव्हिल. स्वतःला निवाडा करणारा समजणाऱ्या माणसाचा निवाडा नवे जग करते. इथे देव कुठेच अवतरत नाही आणि तरी विवेकाचा प्रश्न किंगच्या हजार पानांपेक्षा तीक्ष्णपणे बोचतो.

पण यादीत सर्वांत वर मी ठेवीन कॉर्मॅक मॅकार्थीची ‘द रोड’ (२००६). जग कशाने जळाले हे लेखक सांगतच नाही. राखेने माखलेल्या रस्त्यावरून एक बाप आणि त्याचा लहान मुलगा बाजारातली ढकलगाडी ढकलत दक्षिणेकडे चालले आहेत. सुरुवातीला पिस्तुलात दोनच गोळ्या आहेत. एका घराच्या तळघरात माणसे कोंडलेली सापडतात, इतरांच्या पोटासाठी जिवंत ठेवलेली. एवढे पाहिल्यानंतरही वाटेत एक जर्जर म्हातारा भेटतो, तेव्हा मुलगा हट्ट धरतो की याला आपल्या डब्यातले खायला द्यायचे. बाप कुरकुरत देतो. पुढे एक चोर त्यांचे सारे सामान पळवतो. बाप त्याला गाठून अंगावरच्या कपड्यांसकट सगळे काढून घेतो आणि मुलगा त्या चोरासाठी रडत राहतो. या मुलाने जुने जग पाहिलेले नाही. शाळा, देऊळ, न्यायालय यांतले काहीच त्याच्या वाट्याला आले नाही. त्याच्यावर नजर ठेवणारे कोणी नाही, बक्षीस मिळायची आशा नाही. तरीही तो वाटून खातो. चांगुलपणाला वरून पाहणाऱ्याची गरज असते का, या प्रश्नाला कादंबरीने दिलेले हे उत्तर आहे आणि ते उपदेशाचा एक शब्द न बोलता दिलेले आहे.

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी लिहिली गेली आहे. महाभारतातले मौसलपर्व हे माझ्या मते जगातल्या उत्तम भयकथांपैकी एक आहे. द्वारका बुडण्याआधीची लक्षणे पाहा. रस्त्यांवर उंदरांचा सुळसुळाट होतो. रात्री झोपलेल्यांचे केस आणि नखे ते कुरतडतात. घरातल्या साळुंक्या दिवसरात्र किंचाळत राहतात. स्वच्छ रांधलेले अन्न पानात वाढताच त्यात किडे वळवळतात. आणि मुंडण केलेला, काळसर पिंगट वर्णाचा एक विक्राळ पुरुष, प्रत्यक्ष काळ, घराघरांत डोकावून जातो. कधी दिसतो, कधी दिसत नाही. मग प्रभासक्षेत्री मद्य, भांडण आणि मुठीतल्या लव्हाळ्याचे मुसळ. यादव एकमेकांना संपवतात. उरलेल्या बायका, म्हातारे, मुले यांना घेऊन अर्जुन निघतो आणि वाटेत आभीर लाठ्या घेऊन तुटून पडतात. कुरुक्षेत्र गाजवणाऱ्या वीराला अस्त्रांचे मंत्र आठवत नाहीत, गांडीवाची प्रत्यंचा कशीबशी चढते, अक्षय म्हणवलेले भाते रिकामे होतात. त्याच्या डोळ्यांदेखत बायकांना ओढून नेले जाते. आकाशातून हात येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. यादवांना ऋषींचा शाप होता, त्याआधी गांधारीचा होता; मग हा निवाडा नाही तर काय? मान्य, शाप होता. पण सांबाला गर्भार बाईचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली ती काही टवाळ पोरांनी. आभीरांनी पळवलेल्या स्त्रियांनी कोणाची थट्टा केली होती? शापाने घटना घडली असे ग्रंथ सांगतो. जे भोगले गेले ते रास्त होते, असे तो कुठेही पटवून देत नाही. शिवाय भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर पैठणच्या एकनाथांनी टीका लिहून १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, शाप फिरवण्याचे सामर्थ्य असूनही कृष्ण तो फिरवत नाही. त्या स्कंधाची रचनाच लक्षात घेण्याजोगी आहे: पहिल्या अध्यायात शाप, तिसाव्यात संहार आणि दोहोंच्या मध्ये उद्धवाला केलेला सारा उपदेश. जग वाचवण्याची युक्ती त्या उपदेशात नाही. बुडणारे बुडणार हे ठाऊक असताना माणसाने कसे असावे, एवढेच त्यात आहे. आणि अखेरच्या घडीला कृष्ण काय करतो? पायात बाण मारणाऱ्या जरा नावाच्या पारध्याला तो अभय देतो. जिथे निवाडा करण्याचा सर्वांत मोठा अधिकार होता, तिथे क्षमा आहे. एकनाथी भागवताचे पारायण करणाऱ्याने भूकंपानंतर देव कोपला म्हणावे, हे त्या ग्रंथाशीच विसंगत आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासू मंडळींचा असतो: आपल्याकडे काळ चक्राकार, प्रलयानंतर सृष्टी पुन्हा उमलतेच, म्हणून असली भीती आपली नव्हेच. हे फार सोपे समाधान आहे. वनपर्वात मार्कंडेय प्रलयाच्या पाण्यावर एकटा भटकतो, थकतो, कुठेच आसरा सापडत नाही. वडाच्या फांदीवरचे ते बाळ भेटेपर्यंत त्याला चक्राचा कसलाच दिलासा नाही. युगे पुन्हा येतील, पण गेलेले माणूस येत नाही. चक्र दुरून पाहणाऱ्याला दिसते. त्यात सापडलेल्याला समोरचे पाणी तेवढे दिसते.

हिंगोली जिल्ह्याला तर ग्रंथाबाहेरचाही दाखला आहे. जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले ते वसमतशेजारच्या औंढा नागनाथला, अशी परंपरा आहे. १२७० ते १३५० हा नामदेवांचा काळ. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या वीसेक वर्षांत तिथल्या यादवांचे राज्य संपले. म्हणजे नामदेव आपले जग मोडू लागल्यावर पुढे अर्धशतक जगले. या काळात ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले आणि त्यांची ६१ पदे पुढे गुरू ग्रंथसाहिबात गेली. त्याच पडझडीत महानुभावांचे लीळाचरित्राचे हस्तलिखित नष्ट झाले आणि ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्याकडून पुन्हा लिहून काढले गेले, असे पंथाची परंपरा सांगते. अणुयुद्धानंतर पोथ्या जपणारे संन्यासी वॉल्टर मिलरने ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ मध्ये कल्पनेने उभे केले. आपल्याकडे ते काम खऱ्याखुऱ्या माणसांनी केले. हे उरलेले लोक, राज्य का बुडाले, कोणाच्या पापाने बुडाले, याच प्रश्नात अडकून बसले नाहीत. जे हाती होते ते पुढच्याच्या हाती देत राहिले.

राहता राहिला तो रोखठोक प्रश्न. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या, १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मुलखात असल्या भयकथा वाचणे ही चैन नाही का? भीती विकत घेणे चैनच आहे आणि निव्वळ रक्तमांस उधळणारी पुस्तके मीही बाजूला ठेवतो. पण दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडली ही कथा आपण शतकानुशतके सांगत आलो, ती करमणूक म्हणून नव्हे. उपासमारीत एक जण कोठार उघडतो आणि दुसरा शेजाऱ्याच्या घासावर टपतो. या दोघांत फरक कशाने पडतो, हे कळावे म्हणून ती सांगितली जाते. ‘द रोड’ हेच विचारते. मराठीत जयंत नारळीकरांनी ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीवर येणारे संकट आणि घरातला शांतियज्ञ समोरासमोर आणले, नारायण धारपांनी भय घरोघर पोचवले. पण सगळे संपल्यानंतरच्या माणसावर मराठीत मोठी कादंबरी अजून लिहिली जायची आहे आणि ती मराठवाड्यातून यावी असे मला मनापासून वाटते. तोवर वाचकांना एवढीच विनंती: एकनाथी भागवताचे शेवटचे दोन अध्याय आणि ‘द रोड’ लागोपाठ वाचा, ‘द स्टँड’ त्यानंतर. आणि पुढच्या धक्क्यानंतर कोणी कोपाची भाषा बोलू लागले, तर आधी शेजारच्या घराची भिंत तडकली आहे का ते पाहून या.