तुमच्या घरचं माणूस असतं तर?

कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टरांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, ‘डॉक्टर, तुमच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ विचारणारा बहुधा रुग्ण नसतोच. मुलगा, मेहुणा किंवा गावाहून सोबत आलेला शिकलेला पुतण्या असतो. रुग्ण फाइल मांडीवर घेऊन गप्प बसलेला असतो. एरवी या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर असतं. क्लिनिकल ट्रायलची गोष्ट निघाली, की प्रामाणिक उत्तर एकच उरतं: दोन उपचारांतला सरस कुठला, हे मलाही ठाऊक नाही. तुमच्या वाट्याला कुठला येईल हे मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही; चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कॉम्प्युटर ठरवेल.

उसनवारी करून मुंबई गाठलेल्या कुटुंबाला हे ऐकवणं कठीण आहे. एवढ्या लांब आले ते डॉक्टरांना नक्की ठाऊक असेल या भरवशावर.

पण हे न कळणं किती खरं असतं, याचं उदाहरण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच आहे. तंबाखूने होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. गाठ लहान असताना ती काढतात. मानेतल्या लसिकाग्रंथी वरून निरोगी दिसत असतील, तर त्याही त्याच वेळी काढायच्या, की पुढे तिथे गाठ आली तरच हात घालायचा? मानेचं ऑपरेशन झालं की अनेकांचा खांदा आखडतो, हात वर जात नाही. हातावर पोट असणाऱ्याला हे परवडत नाही. जगभरचे शल्यचिकित्सक कित्येक वर्षं यावर वाद घालत होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली रुग्णांचे दोन गट करून हा प्रश्न धसास लावायचं ठरवलं. पहिल्या ५०० रुग्णांचे आकडे तपासल्यावर फरक इतका ठळक दिसला, की नवे रुग्ण घेणं थांबवण्यात आलं. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. २०१५ मध्ये ही चाचणी प्रसिद्ध झाली आणि वादावर बऱ्याच अंशी पडदा पडला.

वाट पाहणाऱ्या गटातल्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. तोवर उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि पुष्कळ डॉक्टर चाचणीबाहेरही तोच सल्ला देत होते. आज तोंडाच्या लहान गाठीसाठी टेबलावर जाणाऱ्या माणसाला जो नेमका सल्ला मिळतो, त्यात त्या अनोळखी माणसांचा वाटा आहे.

रुग्ण चाचणीत यायला तयार नसतात, ही तक्रार मला फारशी पटत नाही. अमेरिकेत चाचणीत जाणारे प्रौढ कॅन्सर रुग्ण मोजकेच असतात. पण तिथल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं, की ज्यांना विचारलं गेलं त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांनी होकार दिला होता. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. इथे होकार प्रश्नाच्या आधी येतो. ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं. कुठं सही करू?’ कित्येक पानांचं संमतीपत्र पुढ्यात असतं, मराठी असूनही शासकीय परिपत्रकासारखं. ‘नाही म्हणालो तर लाइटची (रेडिएशनची) तारीख लांबेल का?’ ही शंका ओठांवर येतच नाही. २०१९ च्या नियमांनुसार नकाराचा आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला आहे, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईचीही तरतूद आहे. मनातली ही शंका मात्र नियमाने जात नाही. ती कुणीतरी शेजारी बसून, आपणहून बोलून काढावी लागते.

आपल्यावर नकळत प्रयोग होईल, ही भीतीही निराधार नाही. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कॅन्सर केंद्रात तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना एक प्रायोगिक रसायन टोचल्याचं प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकाचा तो प्रयोग. आवश्यक परवानगी विद्यापीठाकडून घेतलेलीच नव्हती.

धाराशिव जिल्ह्यातली चाचणी याहून अवघड. १९९९ च्या सुमारास बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया, चार गट. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, कुठलीच तपासणी न दिलेल्या तुलनेच्या गटात ६४. या निष्कर्षाचा उपयोग पुढे जगभर झाला. पण तुलनेच्या गटातल्या बायकांना आजाराची माहिती मिळाली, तपासणी मिळाली नाही, आणि त्यावरून पुढे कडक टीका झाली. जिल्ह्यात त्या काळी अशी तपासणी नव्हतीच, असं समर्थन केलं गेलं. ते खरं आहे, आणि मला तेच टोचतं. त्या बाईने ‘नाही’ म्हटलं असतं तरी तिला तपासणी मिळणार नव्हती. नकाराने काहीच बदलणार नसेल, तर तिच्या होकाराला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

तरीही चाचण्या व्हाव्यात, आपल्याच रुग्णालयांत व्हाव्यात, असं मी ठामपणे म्हणतो. निवोलुमॅब हे औषध डोक्या-मानेच्या कॅन्सरवर दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देण्याची रीत आहे. ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. टाटातल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. कमी औषध पुरेल का, हे शोधण्यात औषध कंपनीला काय रस असणार? हा प्रश्न आपल्याच रुग्णांच्या भरवशावर विचारला जाऊ शकतो.

म्हणून त्यांच्याशी वागताना घाई नको. सही त्याच दिवशी न घेता संमतीपत्र धर्मशाळेत न्यायला द्यावं, रात्री घरच्यांशी बोलू द्यावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरऐवजी समाजसेवकाने रुग्णाला, फक्त पुतण्याला नव्हे, काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावं. आणि चाचणी संपल्यावर निष्कर्ष परदेशातल्या परिषदेत मांडले जातात, तेव्हाच सोप्या मराठीत एक पान भाग घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी जावं. ज्या घरात आता तो माणूस उरलेला नाही, तिथेही जावं, त्याच्यामुळे काय कळलं ते लिहून.