स्वयंसूचना आणि संकल्प

मनुष्य दुसऱ्याशीं खोटें बोलला तर त्यास आपण दोष देतों. पण तोच स्वतःशीं खोटें बोलूं लागला तर त्यास काय म्हणावें? हा प्रश्न आतां तर्कशास्त्राच्या वर्गापुरता राहिलेला नाहीं. ‘मी निर्भय आहें’, ‘मी यशस्वी आहें’ अशीं वाक्यें रोज सकाळीं आरशापुढें म्हणावींत, म्हणजे तसें होतें, असा उपदेश हल्लीं घरोघर पोंचला आहे. परीक्षेच्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या पहिल्या पानावरहि तो दिसतो.

ह्या उपदेशाचा एक मोठा प्रवर्तक फ्रान्समधील एमिल कुए (१८५७–१९२६) हा होय. हा मूळचा औषधविक्रेता. वीस गांठींची दोरी जपमाळेसारखी हातीं घेऊन, निजतांना व उठतांना वीस वीस वेळां, आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहों असें पुटपुटावें, हा त्याचा उपचार. त्याला एवढें श्रेय दिलेंच पाहिजे, कीं त्यानें रोग्याकडून ‘बरा आहें’ असें न म्हणवितां ‘बरा होत आहें’ असें म्हणविलें. त्याच्या आजच्या वारसांना तेवढाहि धीर धरवत नाहीं.

सन २००९ मध्यें कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण प्रेमास पात्र आहों, हें वाक्य कांहीं लोकांकडून पुनःपुन्हां म्हणवून घेतलें. ज्यांचें स्वतःविषयींचें मत आधींच चांगलें होतें, त्यांना किंचित् बरें वाटलें. ज्यांचें वाईट होतें, म्हणजे औषधाची गरज ज्यांना होती, त्यांची मनःस्थिति वाक्य न म्हणणारांहूनहि खालावली. ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. वाक्य तोंडांतून निघतांच आंतून एक साक्षीदार उठतो आणि उलट पुरावा मांडूं लागतो. शिवाय फळ आलें नाहीं तर दोष वाक्यावर येत नाहीं, म्हणणारावर येतो: ‘तुमची श्रद्धा कमी पडली.’ नोकरी गेलेल्या गृहस्थाच्या वांट्याला मग एकाऐवजीं दोन दुःखें येतात. हा अन्याय आम्हांस सर्वांत अधिक बोंचतो.

मग स्वतःशीं बोललेल्या शब्दांत बळच नाहीं काय? तें पाहावयास फ्रान्सला जाण्याचें कारण नाहीं. पेण व रोहा हे दोन तालुके पुरे. पेण तालुक्यांतील गागोदे गांवीं १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आईनें मुलाकडून ‘मी भक्त आहें’ असें घोकून घेतलें नाहीं. तुळशीला पाणी घातलें काय, एवढेंच ती खाण्यापूर्वीं विचारी, असें विनोबांनींच सांगितलें आहे. रोह्यास १९२० सालीं जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनीं स्वाध्याय परिवाराला त्रिकालसंध्या दिली: उठतांना, जेवतांना आणि निजतांना कृतज्ञतेचें स्मरण. त्यामागील ईश्वरविचार सर्वांस पटेलच असें नाहीं. पण रचना पाहावी. जे क्षण कोणाचेहि सहसा चुकत नाहींत, त्यांनाच शब्द बांधलेला आहे. आणि ‘मला मिळालें’ असें म्हणतांना आंतल्या साक्षीदारास उलटतपासणीची सोय उरत नाहीं.

आपल्या घरची साधी पूजाच घ्या ना. संकल्पांत देश, काल, नांव व गोत्र उच्चारून यजमान ‘अमुक आहें’ असें म्हणत नाहीं, ‘अमुक करीन’ असें म्हणतो, उदक सोडतो आणि लगेच कामास लागतो. भविष्यकाळीं क्रियापद असल्यामुळें सत्याचा भंग होत नाहीं, आणि वेळ व जागा ठरल्यामुळें पळवाट राहत नाहीं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर ह्यांनीं १९९९ च्या एका निबंधांत हेंच दाखविलें, कीं केव्हां, कोठें व कसें हें ठरवून केलेला निश्चय मोघम इच्छेहून अधिक वेळां तडीस जातो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शेवटीं होते. ‘मी आहें’ हें वाक्यहि आम्ही तेथेंच ठेवूं.

अंथरुणास खिळलेल्या वृद्धानें ‘करीन’ म्हणावें असें काय उरतें, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. त्याला ‘मी निरोगी आहें’ असें म्हणावयास लावणें ही मात्र आम्हांस क्रूर थट्टा वाटते. सुनेनें आणून दिलेल्या पेजेबद्दल तो दोन शब्द बोलूं शकेल. आणि उद्यां सकाळीं घटकाभर उशीला टेकून बसेन, एवढें तर म्हणूं शकेल.