चारशे नंबरचं मांजर

जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता नावाचं गाव आहे. समोर शिरानुई समुद्र. तो बेटांनी वेढलेला, म्हणून पाणी शांत आणि मासळी भरपूर. तिथली कोळी माणसं गरीब होती, पण ताटात मासा नाही असा दिवस त्यांच्याकडे नसे.

१९०८ साली गावात एक रासायनिक कारखाना आला. पुढे तो चिस्सो या नावानं ओळखला जाऊ लागला. कारखान्यामुळे गावाचं शहर झालं. घरातला एक मुलगा कारखान्यात लागला की ते घर स्थिरावलं असं लोक मानत. शहराच्या कराचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या कारखान्याकडून येत होता. १९३२ पासून तिथं ॲसिटाल्डिहाइड बनू लागलं. ती पद्धत उभी करणारा अभियंता १९५० मध्ये शहराचा महापौर झाला. कारखाना आणि शहर यांचा संसार असा एकच होता. पुढं जे घडलं ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

ॲसिटाल्डिहाइड बनवायला उत्प्रेरक म्हणून पारा वापरत. त्या क्रियेत थोडा मिथिल पारा तयार होई आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. पाण्यात तो दिसत नसे, त्याला वासही नसे. पाण्यातल्या बारीक जिवांच्या अंगात तो शिरला. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्यांनी खाल्ले, आणि दर पायरीला विष अंगात साठत वाढत गेलं. शेवटच्या पायरीवर माणूस होता.

पण माणसाच्या आधी मांजरांची पाळी आली. कोळीवाड्यातली मांजरं तोल जाऊन पडू लागली, गोल गोल फिरू लागली, समुद्रात पडून मरू लागली. लोक म्हणत, मांजरांना नाचायचा रोग झाला. उडते कावळे जमिनीवर कोसळत. १९५६ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्या इस्पितळात आणलं. तिला नीट चालता येईना, बोलता येईना, झटके येत होते. काही दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीला तेच झालं. शेजारच्या घरांतही तेच.

इस्पितळाचे प्रमुख होते डॉक्टर हाजिमे होसोकावा. १ मे १९५६ रोजी त्यांनी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अज्ञात आजार गावात पसरतो आहे. त्यांचा पगार कारखाना देत होता, तरी त्या दिवशी त्यांनी डॉक्टराचं काम केलं. आजार संसर्गाचा असेल या भीतीनं लोक आजारी घरांच्या वाटेला जाईनात. पुढं असं दिसलं की ज्या आया स्वतः धडधाकट दिसत होत्या, त्यांची बाळंही जन्मतःच आजारी निघत होती. आईनं खाल्लेल्या मासळीतलं विष पोटातल्या बाळाकडे गेलं होतं.

संशय सांडपाण्यावर आल्यावर, १९५८ च्या सप्टेंबरमध्ये कारखान्यानं ते पाणी खाडीऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवलं. मग नदीमुखाजवळच्या आणि पलीकडच्या वस्त्यांत रोगी सापडू लागले. १९५९ च्या जुलैमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की आजाराचं कारण सेंद्रिय पारा आहे. कंपनीनं ते मानलं नाही. तिच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी तर युद्धानंतर समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्यावर खापर फोडलं.

त्याच जुलैत होसोकावा स्वतःच एक प्रयोग करत होते. ॲसिटाल्डिहाइड विभागातलं सांडपाणी ते थेट मांजराच्या रोजच्या अन्नावर घालून देत. प्रयोगातल्या मांजरांना क्रमांक असत. या मांजराचा क्रमांक होता चारशे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर ते मांजर ठीक राहिलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच्या पायांतली ताकद गेली, झटके येऊ लागले, आणि ते गोल गोल फिरू लागलं.

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचा जीव या एका ठिकाणी आहे. तोवर कंपनी म्हणू शकत होती की आम्हाला ठाऊक नव्हतं. १९३२ च्या अभियंत्याला हे विष दिसलं नसेल, त्याला आपण दोष देऊ नये. पण त्या ऑक्टोबरात उत्तर कारखान्याच्या आवारात आलं होतं. ते बाहेरच्या कुणा विरोधकानं आणलेलं नव्हतं. कारखान्याचाच डॉक्टर, कारखान्याचंच पाणी, आणि डोळ्यांसमोर झटके येणारं मांजर. डॉक्टरांनी निकाल वरिष्ठांना सांगितला. एका मांजरावरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही हे खरंच आहे. म्हणून तर डॉक्टरांना प्रयोग पुढं न्यायचा होता, आणखी मांजरांवर करून पाहायचा होता. कंपनीनं त्यांना नेमकं तेच करू दिलं नाही. निकाल आत ठेवला गेला. डॉक्टर गप्प राहिले.

नकळत झालेल्या नुकसानाबद्दल माणसाला क्षमा मागता येते. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून पाण्याचा प्रत्येक थेंब जाणूनबुजून सोडलेला असतो. कंपनीची नीती तपासायची तर तिची देणगीची यादी मला पाहावीशी वाटत नाही. अडचणीची माहिती हाती आल्यावर पुढच्या महिन्यात तिनं काय केलं, एवढं पाहिलं की पुरतं.

चिस्सोनं पुढच्या महिन्यांत काय केलं ते नोंदलेलं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चिडलेले कोळी कारखान्यात घुसले, मोडतोड झाली. काही दिवसांतच शहराचे महापौर, व्यापारी आणि कामगारांच्या संघटना प्रांताच्या राज्यपालांकडे गेल्या. त्यांची मागणी एवढीच होती की सांडपाणी बंद करू नका, कारखाना थांबला तर शहर बुडेल. ते लोक दुष्ट नव्हते. त्यांची चूल कारखान्यावर पेटत होती. एखाद्या कंपनीवर अख्खं गाव असं टेकलं, की बाजूच्या आळीतल्या मुलाला झटके येत असतानाही गाव कंपनीची बाजू घेतं. मोठ्या धंद्याची ताकद इथं असते. त्याला कुणाला धमकवावं लागत नाही, माणसं आपणहून त्याची वकिली करतात. म्हणून मोठ्या धंद्याची जबाबदारीही मोठी.

१९५९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीनं गाजावाजा करून सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र सुरू केलं. अध्यक्षांनी समारंभात सर्वांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. पण ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं. लोकांना वाटलं संकट टळलं, आणि ते पुन्हा मासे खाऊ लागले.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला कंपनीनं रोग्यांशी करार केला. सहानुभूती म्हणून मेलेल्याचे ३ लाख येन, आजारी प्रौढाला वर्षाला १ लाख, मुलाला ३० हजार. करारात एक कलम होतं: पुढं हे सांडपाणीच कारण ठरलं, तरी आणखी भरपाई मागायची नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या कंपनीत चारशे नंबरच्या मांजराचा निकाल आधीच पोहोचला होता. सही करणाऱ्या कोळ्यांना तो ठाऊक नव्हता. वर्षअखेरीला त्यांच्या घरांत पैसा नव्हता, मासळी कुणी विकत घेत नव्हतं. त्यांनी सह्या केल्या. विष पाण्यात गेलं त्याहून मला हा कागद अधिक वाईट वाटतो, कारण तो शांत डोक्यानं, वकिली भाषेत, विचार करून लिहिलेला होता.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, कारखान्याचं ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन आजवरच्या उच्चांकावर गेलं, सुमारे ४५ हजार टन.

१९६५ मध्ये दूर निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी तोच आजार निघाला. तिथं दुसरी कंपनी होती, पद्धत मात्र हीच. मिनामातात खरं वेळेवर सांगितलं असतं, तर निइगातातली माणसं वाचली असती. चिस्सोनं पाऱ्याची पद्धत १९६८ च्या मे महिन्यात बंद केली, तेही ती पद्धत जुनी पडली म्हणून. त्यानंतर चार महिन्यांनी सरकारनं अधिकृतपणे कबूल केलं की आजाराचं कारण कारखान्याचं सांडपाणीच होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्यातल्या एका कामगार संघटनेनं ठराव केला. मिनामाताच्या रोग्यांसाठी आपण इतकी वर्षं लढलो नाही, याची आम्हाला लाज वाटते, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. कामगार संघटनेनं असा ठराव करणं किती दुर्मीळ आहे, हे ज्यांनी कारखान्यात काम केलं आहे त्यांना सांगायला नको.

रोग्यांच्या कुटुंबांनी १९६९ मध्ये कंपनीवर दावा लावला. १९७० च्या जुलैमध्ये कर्करोगानं अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी इस्पितळातूनच साक्ष दिली. चारशे नंबरच्या मांजराचं काय झालं, निकाल कुणाला सांगितला, प्रयोग का थांबला, हे सगळं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी ते गेले. त्यांनी अकरा वर्षं उशीर केला, आणि तरीही त्यांनी सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयानं कंपनीला दोषी धरलं, १९५९ चा करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवला, आणि प्रत्येक पीडितामागे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन द्यायला लावले. तोवर शेकडो माणसं आजारी पडली होती. शिरानुई किनाऱ्यावर आजवर २,२०० हून अधिक लोकांना अधिकृतपणे या आजाराचे रोगी मानलं गेलं आहे. पाऱ्याच्या वापरावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, त्याला याच गावाचं नाव दिलं आहे. भारतही त्यात सामील आहे.

हे वाचणाऱ्यांत कारखान्यातले केमिस्ट असतील, कंपनीचे डॉक्टर असतील, सुरक्षा अधिकारी, हिशेबनीस, वकील असतील. तुमच्या टेबलावर कधी असा एखादा निकाल आला, की आपल्या मालानं, आपल्या पाण्यानं, आपल्या धुरानं कुणाचा जीव जातो आहे, तर तो लिहून ठेवा, तारीख घाला, वरिष्ठांना लेखी द्या. आणि त्यांनी तो दाबला, तर प्रदूषण मंडळाला आणि गावाला तो त्याच आठवड्यात सांगा.